डोईवरचा पदर : गोषातून गिरणगावापर्यंत

पडद्याची चाल ज्या ज्या देशांत रूढ झाली, त्या त्या देशांत बहुधा तिच्यासाठी एक निराळे वस्त्र असते. इराणी स्त्रीची चादर, राजस्थानातील ओढणी, किंवा गोव्यातील ख्रिस्ती स्त्रिया इगर्जीत जाताना अंगावरून लपेटून घेत ती पांढरीशुभ्र ओल, ही सारी वस्त्रे अंगावरच्या लुगड्याझग्याहून वेगळी ठेवलेली, वेगळी धुतलेली आणि प्रसंगी वेगळ्या पेटीत जपलेली असत. महाराष्ट्रातील स्त्रीने मात्र मस्तक झाकण्यासाठी स्वतंत्र वस्त्र सहसा बाळगले नाही. नऊ वारांचे जे लुगडे ती नेसे त्याचेच एक टोक, कासोटा घालून, निऱ्या खोचून आणि छातीवरून डाव्या खांद्यावर टाकून जे शिल्लक उरे, तोच तिचा पदर आणि तोच तिचा पडदा. तो निमिषात डोईवर येई, निमिषात खांद्यावर उतरे, आणि कामाची घाई झाली म्हणजे कमरेला घट्ट खोचला जाई. साहजिकच तो कोणासमोर डोईवर घ्यायचा, कपाळावर किती पुढे ओढायचा आणि कोठे खुशाल खांद्यावर राहू द्यायचा, याचे दंडक जातीजातींत, घराघरांत आणि मुलखामुलखांत निरनिराळे पडत गेले. आणि हे दंडक घालणारे व ते पाळणाऱ्या यांच्यामधील संबंधांचा सारा इतिहास त्या दीड-दोन हात कापडाला चिकटून राहिला. तो इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते, ती ही की पदराचा अर्थ पदरात कधीच नव्हता. तो कोणाच्या मुखत्यारीने डोईवर आला, यावरच तो मान ठरला, शिक्षा ठरला, अथवा नुसते उन्हातले छप्पर ठरला.

मस्तकावरून वस्त्र घेण्याची रीत मुसलमानी अमदानीत आली असे सरसकट सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तो इतिहासाला धरून नाही. कालिदासाची शकुंतला दुष्यंताच्या राजसभेत येते ती अवगुंठन घेऊनच, आणि भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात वनवासास निघालेल्या सीतेला प्रजेने पाहावे म्हणून राम तिला अवगुंठन दूर करण्यास सांगतो. म्हणजे प्रतिष्ठित कुळातील स्त्रीने परपुरुषांच्या सभेत मुख झाकावे, ही कल्पना संस्कृत नाटककारांना चांगली परिचित होती. तथापि त्याच काळाच्या आसपास आपल्या सह्याद्रीत जी लेणी कोरली गेली त्यांत वेगळे चित्र दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जी दांपत्ये उभी आहेत, त्यांतील स्त्रिया पुरुषांच्या शेजारी उघड्या मुखाने, आभूषणांनी नटून उभ्या आहेत. आणि अजिंठ्याच्या चित्रांतील राण्या व दासी यांच्या मुखावरही पडदा नाही. तात्पर्य, अवगुंठनाची कल्पना जुनी खरी, पण ती सार्वत्रिक कधीच नव्हती. ती स्थल, काल आणि विशेषतः कुळाची ऐपत यांच्या अनुरोधाने कमीअधिक होत आली, आणि सुलतानांच्या व मोगलांच्या अमदानीत दरबारी रीतिरिवाजांची जोड मिळून ती बळावली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

पेशवाईच्या काळापासून आपल्याकडे जी वहिवाट दिसते तीत दोन शेजारच्या घरांमध्येसुद्धा पदराचा अर्थ नेमका उलटा असे. मराठा घरातील सून मामंजींसमोर किंवा थोरल्या दिरांसमोर उघड्या डोक्याने आली तर तो कुळाचा उपमर्द समजला जाई. पदर कपाळापर्यंत घेऊनच तिने वावरायचे, वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवताना तो सावरूनच वाकायचे, आणि घरात पुरुष नसतील तेव्हाच जावाजावांत तो खांद्यावर येऊ द्यायचा. उलट ब्राह्मण घरातील सुवासिनी डोक्यावरून पदर घेत नसे. तिचा खोपा, खोप्यावरचे मूद-केवडा आणि वेणीतली फुले ही तिच्या सौभाग्याची लक्षणे असल्यामुळे ती उघडी राहणेच इष्ट मानले जाई, आणि घराबाहेर पडताना ती पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेई. त्या घरांत डोक्यावरून पदर ओढून घ्यावा लागे तो केशवपन झालेल्या विधवेला. लाल आलवणाचे टोक तिच्या मस्तकावर यायचे ते मर्यादेसाठी नव्हे, तर समाजाने हिरावून घेतलेल्या केसांची जागा झाकण्यासाठी. एका घरात जो पदर ‘ही आमची सून आहे’ असे अभिमानाने सांगे, तोच पदर भिंतीपलीकडच्या घरात ‘ही बाई आता मंगलकार्यात नको’ असे निर्दयपणे सांगत असे.

या दुसऱ्या पदराविरुद्ध एकोणिसाव्या शतकात ज्यांनी झुंज दिली त्यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्याप्रतिबंधक गृह काढून फसलेल्या विधवांना आसरा दिला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार जाहीर केला. आणि १८९३ साली विधवेशी विवाह करणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापून तो १९०० साली हिंगण्याला नेला. या सर्व उद्योगांत पदराचा मुद्दा कोणी निराळा काढला नव्हता. पण केस वाढवण्याचा हक्क परत मिळाला, की ते झाकण्याची सक्तीही आपोआप सुटत होती. म्हणून आलवणाचा अस्त हा कापडाच्या तऱ्हेतील बदल नसून एका अघोरी शिक्षेचा अंत होता, आणि त्याचे श्रेय त्या पिढीतील सुधारकांइतकेच, त्यांच्या आश्रमांत लोकनिंदा सोसून पहिले पाऊल टाकणाऱ्या अनामिक मुलींचेही आहे.

आता मराठा घराण्यांच्या गोषाकडे, म्हणजे पडदापद्धतीकडे, वळू. सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठेशाहीतल्या स्त्रीचे जे दर्शन घडते ते जनानखान्यात कोंडलेल्या स्त्रीचे नव्हे. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाशी लढा चालवणाऱ्या ताराबाई, किंवा मल्हाररावांच्या मागे इंदूरचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई यांना पडद्याआड बसून राज्य करणे शक्यच नव्हते. अहिल्याबाई रोज खुल्या दरबारात बसून कामकाज पाहत, अशी नोंद सर जॉन माल्कम याने आपल्या मध्यहिंदुस्थानविषयक ग्रंथात करून ठेवली आहे. १८३५ साली फतेगडास परागंदा होऊन राहिलेल्या बायजाबाई शिंद्यांची भेट घेणाऱ्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने मराठा स्त्रियांची घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसण्याची रीत कौतुकाने पाहिली आणि स्वतः मराठी वेष करून त्या रीतीने घोडा फिरवूनही पाहिला. कासोट्याचे लुगडे घोड्याला सोयीचे आणि पदर कमरेला खोचला की हात मोकळे, ही त्या वेषाची मूळची प्रकृती होती.

मग गोषा कडक कोठे आणि कसा झाला? त्याचे उत्तर मराठ्यांच्या स्थलांतरात आहे. अठराव्या शतकात शिंदे, होळकर, गायकवाड, पवार ही घराणी सरंजाम घेऊन माळव्यात, गुजरातेत आणि उत्तरेत स्थिरावली, तेव्हा त्यांचा सोयरसंबंध आपल्याच जातीशी राहिला तरी त्यांची प्रतिष्ठा शेजारच्या राजपूत ठाकुरांच्या आणि मोगली उमरावांच्या मापाने मोजली जाऊ लागली. परक्या मुलखात नव्याने सत्ताधारी झालेल्या कुळाला आपली इभ्रत तेथील लोकांना समजेल अशाच चिन्हांनी सांगावी लागते. म्हणून देशावर जो पदर नुसता डोईवर असे, त्याला ग्वाल्हेर-बडोद्यात पडद्याच्या मेण्यांची, चिकांची आणि खोजांच्या पहाऱ्याची जोड मिळाली. पुढे ही चाल फिरून स्वदेशी आली. देशमुख-इनामदारांच्या वाड्यांत आईसाहेब आणि वहिनीसाहेब गोषात राहू लागल्या, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी मराठा व कुणबी यांतील भेद सांगताना विधवाविवाहाच्या निषेधाबरोबर गोषाचाही उल्लेख करावा, इतके ते कुळीचे लक्षण होऊन बसले. ज्याच्या घरची बाई खुरपायला जाते तो कुणबी, आणि ज्याची बाई वाड्याच्या चौकाबाहेर पडत नाही तो मराठा, असा हिशेब गावोगाव मांडला जाऊ लागला. आणि चार एकर जमीन वाढली की पहिली गोष्ट घडे ती ही की घरच्या लक्ष्मीचे शेतावर जाणे बंद होई. गोषा म्हणजे घरातील दोन राबते हात रिकामे ठेवण्याची ऐपत. आणि ही ऐपत मिरवली जाई पुरुषांची, पण तिच्यासाठी दार बंद होई ते स्त्रीचे.

या गोषाचे बंध तीन पिढ्यांत आणि चार संस्थानांत कसे सैल होत गेले, हे एका मायलेकींच्या मालिकेत स्पष्ट पाहता येते. देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ साली सयाजीराव गायकवाडांशी विवाह करून बडोद्यास आल्या आणि चिमणाबाई झाल्या. पतीबरोबर त्यांनी युरोपचा प्रवास केला, तेथे उघड्या मुखाने सभासमारंभ पाहिले. पण बडोद्याला परतले की जनानखाना आणि त्याची शिस्त पुन्हा होतीच. ही विसंगती पुष्कळ वर्षे सोसल्यानंतर त्यांनी गोषा सोडला. हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी एस. एम. मित्र यांच्यासह लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला, आणि १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच होत्या. त्यांची कन्या इंदिराराजे यांचा वाङ्‌निश्चय ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी झाला होता. पण त्या कडक गोषाच्या दरबारात जाण्यास इंदिराराजांनी नकार दिला, स्वतः पत्र धाडून तो संबंध मोडला, आणि १९१३ साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लंडनमध्ये विवाह केला. १९२२ साली वैधव्य आल्यावर त्यांनी पांढऱ्या शिफॉनच्या साड्या फ्रान्समधून मागवून नेसावयास सुरुवात केली. ज्या रंगाने तिकडे विधवेला समाजातून बाजूला काढले जाई तोच रंग त्यांनी इतक्या डौलाने अंगीकारला की शिफॉनची साडी ही संस्थानी स्त्रियांची मान्य रीतच होऊन गेली. त्यांची कन्या गायत्रीदेवी १९४० साली विवाह होऊन जयपूरला गेल्या, आणि आजीने बडोद्यात जो जनानखाना मागे टाकला होता तसाच जनानखाना तेथे त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी १९४३ साली जयपुरात मुलींची शाळा काढली, ती मुख्यतः ठाकुरांच्या घरातील पडद्यातल्या मुलींसाठी. आणि १९६२ साली त्या स्वतः लोकसभेवर निवडून गेल्या. या तिन्ही स्त्रियांजवळ संपत्ती होती, शिक्षण होते, परदेशाचा अनुभव होता. तरीही प्रत्येक पिढीला नव्या मुलखात तो पडदा नव्याने दूर सारावा लागला, ही गोष्ट विसरता कामा नये. एका पिढीने मिळवलेली मोकळीक पुढच्या पिढीला वारशात आपसूक मिळत नाही.

राजवाड्यांच्या या कथेहून सर्वस्वी भिन्न अशी पदराची दुसरी कथा कष्टकरी स्त्रीची आहे, आणि ती समजण्यासाठी प्रथम एक इरकली लुगडे हातात घेऊन पाहावे. पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात इलकल हे गाव मोडत असे. तेथील मागांवर विणलेली लुगडी कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या बाजारांत येत आणि गुळेदगुड्डच्या खणाची चोळी त्यांवर शिवली जाई. या लुगड्याचे अंग सुताचे, पण पदर मात्र रेशमाचा. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निरनिराळे लावलेले असतात, आणि जेथे अंग संपून पदर सुरू होतो तेथे सुताच्या एकेका धाग्याच्या फासात रेशमाचा एकेक धागा अडकवून ते जोडले जातात. या जोडाला कोंडी म्हणतात, आणि ती घालण्याचे बारीक काम बहुधा विणकराच्या घरातील बायकांच्या बोटांकडे असते. जोड इतका बेमालूम की बोट फिरवल्याखेरीज कळत नाही. लाल रेशमावर पांढऱ्या पट्ट्यांत जोंधळ्याची कणसे, फणी आणि तटाचे बुरूज या आकृती उमटवलेल्या असतात. अशा पदराला टोपपदर म्हणतात. ज्या बाईचे आयुष्य शेणामातीत गेले तिने अंगावर सूतच नेसावे, पण डोईवर येणारा हातभर भाग तरी रेशमाचा असावा, ही त्या विणकराने आणि गिऱ्हाइकाने मिळून केलेली तडजोड मला फार अर्थपूर्ण वाटते. दारिद्र्यातही मस्तकाला मान देण्याची ती इच्छा होती, आणि त्या मानासाठी तिला कोणाच्या चौकात कोंडून घ्यावे लागत नव्हते.

शेतकरीण पदर घेई तो उन्हासाठी, धुळीसाठी, गवताच्या भाऱ्याखाली चुंबळ नीट बसावी म्हणून. पाण्याची घागर डोक्यावर आणि दुसरी कडेवर असली की वाऱ्याने उडू पाहणारा पदराचा काठ ती दातांत धरी. वाटेत गावचे पाटील किंवा सासरचे कोणी वडीलधारे दिसले तर त्याच पदराचे टोक थोडे पुढे येई. म्हणजे मर्यादा होती, पण ती कामाच्या आड येत नव्हती. आणि आली असती तर त्या घराची चूल पेटली नसती.

हीच स्त्री पुढे मुंबईस आली. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढल्यानंतर अर्ध्या शतकात परळ, लालबाग, वरळी, डिलाइल रोड या भागांत गिरण्यांचे रान माजले आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे लोटली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गिरणीकामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या बहुतेक कांड्या आणि गुंड्या भरण्याच्या खात्यांत असत, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यांपाशी सुटा पदर म्हणजे मृत्यूला निमंत्रण. तेथे तो खांद्यावरून आवळून कमरेला खोचल्याशिवाय गत्यंतर नव्हते. भोंगा होऊन पाळी सुटली, बाई चाळीच्या जिन्याशी आली, आणि गॅलरीत गावाकडचे कोणी बुवा बसलेले दिसले, की तोच पदर पुन्हा डोईवर येई. कारण चाळ जरी मुंबईत असली तरी एका खोलीत एका गावचे गाळेकरी राहत आणि गावकीचे डोळे तेथेही पोचत. गणपतीला किंवा शिमग्याला आगबोटीने कोकणात उतरताना तर धक्क्यावर पाय ठेवण्यापूर्वीच पदर सारखा केला जाई. मुंबईने त्या स्त्रीला पदर टाकावयास शिकवले नाही; तो कोठे घ्यायचा आणि कोठे खोचायचा याचा निवाडा स्वतः करावयास शिकवले. हातात पगार येऊ लागल्यानंतरचा तो निवाडा होता, म्हणूनच त्याची किंमत मोठी. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने गिरणगावातील खानावळवाल्या बाया अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या आणि बँकेच्या दारात कर्ज मागावयास उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांतील कित्येकींच्या डोक्यावर पदर होताच. तो त्यांना सही करताना, हिशेब विचारताना, मोर्चात चालताना आडवा आला नाही.

समुद्रापार गेलेल्या स्त्रियांनीही या वस्त्राची आपापल्या परीने फेरमांडणी केली. १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या, कारण कासोट्याच्या नेसणीत पोटऱ्या उघड्या राहत. आणि १० ऑक्टोबर १८८५ रोजी जपानी व सीरियन सहाध्यायिनींसह काढलेल्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात देशी वेष कायम आहे, मस्तक मात्र ब्राह्मण सुवासिनीच्या रिवाजाप्रमाणे मोकळेच आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, यांची कथा निराळी. अलिबाग-पेण-रेवदंड्याच्या परिसरात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणाऱ्या या यहुदी घरांतील स्त्रिया शेजारणींसारखेच लुगडे नेसत आणि पदर डोक्यावर घेत. विवाहित स्त्रीने केस झाकावेत हा त्यांच्या धर्माचा दंडक आणि कोकणी शेजाराची मर्यादा या दोहोंची गरज तो एकच पदर भागवी. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला आणि डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत वसला. तेथे आपले यहुदित्व पूर्ण मान्य व्हावे यासाठी त्याला १९६४ पर्यंत झगडावे लागले. नव्या देशात पुढच्या पिढीने नित्याचे लुगडे सोडले. परंतु लग्नाआधीच्या मेंदीला आणि मलिद्याच्या विधीला साडी नेसण्याची आवड टिकली. कोकणात जो वेष त्यांना शेजाऱ्यांत मिसळून टाकी, तोच तेथे त्यांची वेगळी ओळख सांगणारा ठरला.

महाराष्ट्रात मात्र स्वातंत्र्याच्या आगेमागे सकच्छ नेसण मागे पडून गोल साडी आली, आणि एका घरात एकाच वेळी तीन पिढ्यांचे तीन पदर नांदू लागले: आजीचा कपाळापर्यंत, आईचा सासऱ्यांसमोर तेवढा डोईवर, आणि लेकीचा खांद्याला पिनेने टाचलेला. हळदीकुंकू लावून घेताना, ओटी पदरात घेताना, देवापुढे वाकताना, दिवेलागणीला हात जोडताना अनेकींचा हात अजून नकळत पदराकडे जातो. येथे आज्ञा करणारे कोणी उरलेले नाही. त्या क्षणापुरता तो पदर श्रद्धेचा आहे, आणि श्रद्धेने घेतलेल्या वस्त्राला गुलामीचे चिन्ह म्हणणे हा त्या स्त्रीवर अन्याय होईल.

परंतु एवढ्यावरून जुन्या मर्यादेचे पोवाडे गाणाऱ्यांच्या पंगतीलाही बसता येत नाही. २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपतिपदावर असलेल्या खानदेशकन्या प्रतिभाताई पाटील यांनी डोईवरचा पदर एरवी ढळू दिला नाही; त्याच पदरासह त्यांनी तिन्ही दलांची मानवंदना स्वीकारली, आणि २००९ साली पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात बसण्याची वेळ आली तेव्हा वैमानिकाचा पोशाख चढवून शिरस्त्राणही धारण केले. पदर घेणे आणि प्रसंगी बाजूस ठेवणे ही दोन्ही ज्या स्त्रीच्या हाती असतात, तिच्या पदराविषयी कोणी बोलण्याचे कारण नाही. ज्या घरांत मात्र आजही सुनेच्या पदराची लांबी दुसरेच कोणी ठरवते, तिला शाळेत, दवाखान्यात, ग्रामसभेत जाण्यापासून त्याच मर्यादेच्या नावाखाली अडवते, त्या घरांना परंपरेचा आधार सांगण्याचा अधिकार नाही. कारण महाराष्ट्राच्या परंपरेत खुल्या दरबारात बसणाऱ्या अहिल्याबाई आहेत, पदर कमरेला खोचून यंत्र चालवणाऱ्या गिरणीकामगार स्त्रिया आहेत, आणि आलवण उतरवून हिंगण्याच्या वर्गात जाऊन बसलेल्या मुलीही आहेत. पदर घ्या असे फर्मान काढणारा आणि पदर टाका असे फर्मान काढणारा, दोघेही त्या इतिहासापुढे सारखेच अनधिकारी ठरतात. त्या दीड-दोन हात कापडाची मुखत्यारी ज्या बाईने ते नेसले आहे तिची. आणि ही मुखत्यारी मान्य करणे, एवढेच आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.